विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापकांचा शब्द किती?

भिवंडी, प्रतिनिधी :

ठाण्याच्या बाळकुमहून कशेळीची खाडी ओलांडली की भिवंडी तालुका सुरू होतो. काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी एकाला एक लागून असलेली गावे, त्यांतील गोदामांच्या रांगा आणि पुढे यंत्रमागांचे शहर, असा हा पट्टा. येथील अनेक घरांतील पहिली पिढी आता पदवीच्या वर्गात बसत आहे. राहनाळचा विद्यार्थी भिवंडीच्या बी. एन. एन. महाविद्यालयात जावो, जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयात जावो, की ठाणे-कल्याणच्या एखाद्या महाविद्यालयात, त्याच्या पदवीवर मोहोर मुंबई विद्यापीठाचीच उमटते. कोणता अभ्यासक्रम शिकायचा, परीक्षा कधी द्यायची आणि निकाल केव्हा लागायचा, हे ठरविणारी यंत्रणा कलिन्याच्या विद्यानगरीत आणि फोर्टच्या जुन्या इमारतीत आहे.

या यंत्रणेत वर्गात प्रत्यक्ष शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे स्थान कोणते, हा प्रश्न वरवर पाहता विद्यापीठाच्या चार भिंतींतला वाटतो. निवडणुका, गट-तट, ठराव आणि सभात्याग यांच्या बातम्या वाचून सामान्य वाचक पान उलटतो. परंतु गेल्या दीड दशकातील घटना पाहिल्या तर या प्रश्नाचे उत्तर शेवटी विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेपर्यंत पोहोचते, असे दिसून येते. कायद्याने प्राध्यापकांना दिलेला अधिकार कागदावर बराच मोठा आहे. तो बजावणाऱ्या संस्था वेळेवर अस्तित्वात नसणे आणि तो बजावू शकणाऱ्या पूर्णवेळ प्राध्यापकांची संख्या आटत जाणे, या दोन कारणांनी तो क्षीण झाला आहे.

कारभाराची चौकट

महाराष्ट्रातील बिगरकृषी सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' या कायद्यानुसार चालतो. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात आणि कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी असतात. त्यांच्या जोडीला अनेक प्राधिकरणे असतात. त्यांपैकी चार समजून घेतली तरी कारभाराचा अंदाज येतो.

पहिले प्राधिकरण म्हणजे अधिसभा, अर्थात सिनेट. विद्यापीठाचा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल आणि सर्वसाधारण धोरण यांवर येथे चर्चा होते. वर्षातून किमान दोनदा तिची बैठक व्हावी लागते. अधिसभेवर संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकांचे दहा आणि विद्यापीठ विभागांतील प्राध्यापकांचे तीन प्रतिनिधी निवडून येतात. प्राचार्यांमधून दहा, संस्थाचालकांमधून सहा आणि नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडले जातात. याखेरीज पदसिद्ध आणि नामनिर्देशित सदस्यांची संख्याही लक्षणीय असते.

दुसरे प्राधिकरण व्यवस्थापन परिषद. पैसा, नेमणुका, कंत्राटे आणि मालमत्ता यांविषयीचे प्रत्यक्ष निर्णय येथे होतात. तिसरी विद्यापरिषद. अभ्यासक्रम, प्रवेशाचे निकष, परीक्षांचा दर्जा या शैक्षणिक बाबींत तिचा शब्द अंतिम मानला जातो. चौथे प्राधिकरण म्हणजे प्रत्येक विषयाचे अभ्यास मंडळ. मराठीच्या द्वितीय वर्षाला कोणती कादंबरी नेमावी किंवा वाणिज्य शाखेच्या लेखाशास्त्रात कोणता नवा घटक घ्यावा, हे ठरविण्याची सुरुवात येथून होते. अभ्यास मंडळावर महाविद्यालयांतील विभागप्रमुखांमधून तीन सदस्य निवडून येतात. उरलेल्यांत नियुक्त सदस्यांचे प्रमाण मोठे असते.

एखादा निर्णय अभ्यास मंडळात जन्मतो, विद्याशाखेत तपासला जातो, विद्यापरिषदेत मान्य होतो आणि पैशाचा प्रश्न असल्यास व्यवस्थापन परिषदेकडे जातो. या वाटेवर प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी शिकविणारा माणूस बसलेला असावा, हे या रचनेमागचे सूत्र आहे. प्रश्नपत्रिका काढण्यापासून उत्तरपत्रिका तपासण्यापर्यंतचे काम ज्याला करावयाचे आहे, त्याला ते काम कोठे अडेल हे आधी कळते.

दीडशे वर्षांची ओढाताण

ही चौकट एका दिवसात तयार झालेली नाही. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ते केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणारे विद्यापीठ होते. सिनेटवर सरकारनियुक्त 'फेलो' असत. त्यांत न्यायाधीश, सनदी अधिकारी, डॉक्टर आणि धर्मोपदेशक असे नाना क्षेत्रांतील लोक असत. तरीही या सिनेटमध्ये मोठे वाद झाले. विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीसारख्या देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून न्या. महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले, ते याच सभागृहात. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ मध्ये विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा आला. या कायद्याने सिनेटच्या सदस्यसंख्येवर मर्यादा घातली आणि बहुसंख्य जागा सरकारी नियुक्तीच्या राखल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला होता. विद्यापीठांवर सरकारची पकड घट्ट करणे हाच कायद्याचा हेतू असल्याचा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. आज वापरला जाणारा 'स्वायत्ततेवर घाला' हा शब्दप्रयोग नवा वाटत असला तरी तक्रार सव्वाशे वर्षे जुनी आहे.

त्यानंतर १९२८ च्या कायद्याने शैक्षणिक बाबींसाठी ॲकॅडेमिक कौन्सिल ही स्वतंत्र संस्था आणली. स्वातंत्र्यानंतर १९५३, १९७४ आणि १९९४ असे टप्प्याटप्प्याने नवे कायदे झाले आणि प्रत्येक कायद्यात निवडून आलेल्या व नेमलेल्या सदस्यांचे प्रमाण पुन्हा ठरविले गेले. भारताचे माजी सरन्यायाधीश आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषविलेले डॉ. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या प्रशासनाविषयी एक समिती नेमली होती. कुलगुरूंची निवड कशी व्हावी, शिक्षक आणि विद्यार्थी यांना निर्णयप्रक्रियेत कितपत स्थान असावे, हे या समितीचे विषय होते. पन्नास वर्षांनंतरही चर्चा त्याच मुद्द्यांभोवती फिरत आहे.

नवा कायदा : निवडणुकीकडून नियुक्तीकडे

१९९४ च्या कायद्यात निवडणुकांना मोठे स्थान होते. विद्याशाखेचे अधिष्ठाते निवडून येत. या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. निवडणुकीतील गटबाजी, जातीपातीची गणिते, संस्थाचालकांचा दबाव आणि विद्वत्तेपेक्षा मतांच्या बेरजेला आलेले महत्त्व यांविषयी खुद्द प्राध्यापकच बोलत असत. उच्च शिक्षणातील सुधारणांसाठी राज्य शासनाने डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समित्या नेमल्या. त्यांच्या अहवालांनंतर झालेल्या विचारविनिमयातून २०१६ चा कायदा साकारला.

नव्या कायद्याने असंख्य विद्याशाखांऐवजी चार विद्याशाखा केल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येक विद्याशाखेसाठी पूर्णवेळ अधिष्ठाता निवड समितीमार्फत नेमण्याची तरतूद झाली. प्र-कुलगुरूंच्या पदाला बळ मिळाले. उद्योग, संशोधन आणि समाजकार्य या क्षेत्रांतील जाणकारांना प्राधिकरणांवर घेण्याची सोय झाली. निर्णय जलद व्हावेत आणि गुणवत्तेला वाव मिळावा, असा यामागील युक्तिवाद होता.

प्राध्यापक संघटनांचा आक्षेप वेगळा होता. नियुक्त सदस्य ज्यांनी नेमले त्यांच्याकडे पाहतो आणि निवडून आलेला सदस्य मतदाराकडे, हे साधे तत्त्व त्यांनी मांडले. अधिष्ठाता कुलगुरूंच्या प्रशासनाचा भाग बनला की विद्याशाखेची बाजू प्रशासनापुढे कोण मांडणार, असा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र नव्या रचनेची पहिली कसोटी लागली ती रचना पूर्ण उभी राहण्याच्या आधीच.

२०१७ : निकालांचा गोंधळ

१९९४ च्या कायद्याखाली निवडून आलेल्या प्राधिकरणांची मुदत २०१५ मध्ये संपली. नवा कायदा येणार असल्याने निवडणुका लांबणीवर टाकण्यात आल्या. कायदा १ मार्च २०१७ रोजी लागू झाला, तरी नवी अधिसभा आणि नवी मंडळे प्रत्यक्षात येण्यास बराच अवधी लागला. याच मधल्या काळात मुंबई विद्यापीठाने सर्व परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. हे काम 'मेरिट ट्रॅक' या कंपनीला देण्यात आले.

कल्पना वाईट नव्हती. अभियांत्रिकीसाठी ही पद्धत आधीपासून वापरात होती आणि उत्तरपत्रिकांच्या गैरव्यवहारांना तिच्यामुळे आळा बसेल अशी अपेक्षा होती. परंतु सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांसाठी ती एकाच हंगामात, तीही परीक्षा तोंडावर आल्या असताना लागू करण्यात आली. उत्तरपत्रिका स्कॅन होण्यास विलंब झाला. तपासनीसांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, केंद्रांवरील यंत्रणा मंद होती. भलत्याच विषयाच्या उत्तरपत्रिका पडद्यावर येत असल्याच्या तक्रारी झाल्या. प्राध्यापकांना तपासणीसाठी वेळ मिळावा म्हणून महाविद्यालयांतील तासिका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा, असे कायदा सांगतो. ही मुदत उलटून गेली. तत्कालीन राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलै २०१७ ही मुदत घालून दिली. तीही पाळता आली नाही. ऑगस्टमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना रजेवर पाठविण्यात आले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार सोपविण्यात आला. उरलेले निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी डॉ. देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात कुलगुरूंवर अशी कारवाई होण्याची ही पहिलीच वेळ होती.

दरम्यान विद्यार्थ्यांचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. पदव्युत्तर प्रवेशाच्या याद्या लागल्या, परदेशी विद्यापीठांची सत्रे सुरू झाली, नोकरीसाठी गुणपत्रिका मागणाऱ्यांच्या तारखा निघून गेल्या. पुनर्मूल्यांकनासाठी अर्जांचा ढीग पडला. निवडून आलेली अधिसभा असती तर हा गोंधळ टळलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण पुरेसे प्रशिक्षण झाले आहे काय, एखाद्या विद्याशाखेपुरता प्रयोग आधी का करू नये, हे प्रश्न नोंदविलेल्या इतिवृत्तासह विचारण्याची जागाच त्या वेळी रिकामी होती. ज्यांच्या हातांनी उत्तरपत्रिका तपासल्या जाणार होत्या, त्यांचे म्हणणे निर्णयानंतर ऐकले गेले.

तातडीचा अधिकार

प्राधिकरणे अस्तित्वात असली तरी ती ओलांडली जाऊ शकतात, याचे उदाहरण २०१० मध्ये घडले. रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेच्या इंग्रजी अभ्यासक्रमात होती. तिच्यातील मजकुरावर शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला आणि कुलगुरू डॉ. राजन वेळूकर यांनी तातडीच्या अधिकारात ती अभ्यासक्रमातून वगळली. पुस्तके नेमणे आणि काढणे हे अभ्यास मंडळाचे काम असताना शैक्षणिक चर्चा न होता हा निर्णय झाल्याबद्दल प्राध्यापक, लेखक आणि विद्यार्थ्यांच्या एका वर्गाने निषेध नोंदविला.

कादंबरी चांगली की वाईट हा येथे मुद्दा नाही. पूर, दंगल, साथ अशा प्रसंगी प्राधिकरणाची बैठक बोलाविण्यास वेळ नसतो, म्हणून कायदा कुलगुरूंना तातडीचा अधिकार देतो आणि केलेल्या कारवाईची माहिती नंतर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवण्यास सांगतो. हा अपवाद नित्याचा झाला की अभ्यास मंडळाची बैठक ही केवळ मान्यतेची औपचारिकता उरते.

लांबलेल्या निवडणुका

२०१७-१८ मध्ये स्थापन झालेल्या अधिसभेची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. त्यानंतर पदवीधर गटाच्या दहा जागांची निवडणूक १० सप्टेंबर २०२३ रोजी घेण्याचे जाहीर झाले. परंतु मतदार यादीविषयी तक्रार आल्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये ती स्थगित झाली. पुढे २२ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरली. मतदानाला दोन दिवस उरले असताना शासनाच्या आदेशावरून तिलाही स्थगिती देण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान पार पडले. म्हणजे मुदत संपल्यापासून दोन वर्षे पदवीधरांचे प्रतिनिधी सभागृहात नव्हते.

या निवडणुकीत मतदार होते तेरा हजारांहून अधिक. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या विस्तीर्ण कार्यक्षेत्रात आजवर पदवी घेतलेल्यांची संख्या लाखांत मोजावी लागेल. त्या तुलनेत ही नोंदणी किती तोकडी आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अधिसभेची निवडणूक राजकीय पक्षांच्या युवक संघटनांची झुंज बनल्याची तक्रार होते; पण सर्वसामान्य पदवीधर नोंदणीच करीत नाही, हेही त्यामागील एक कारण आहे.

कुलगुरू कोण निवडणार?

प्राधिकरणांच्या शिरोभागी असलेल्या कुलगुरूंची निवड हा आणखी एक वादाचा विषय. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. वेळूकर यांच्या निवडीच्या वेळी शोध समितीने त्यांच्या पात्रतेचा यथायोग्य विचार केला नसल्याचे म्हटले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांना काही काळ कामकाजापासून दूर राहावे लागले. नंतर ते पदावर परतले आणि जुलै २०१५ मध्ये त्यांची मुदत संपली.

डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने विधिमंडळात दुरुस्ती विधेयक संमत करून घेतले. शोध समितीच्या यादीतून राज्य शासनाने दोन नावे राज्यपालांकडे पाठवावीत आणि उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती असावेत, असा त्याचा आशय होता. राज्यपालांची संमती त्याला मिळाली नाही आणि २०२२ मध्ये सत्ताबदल झाल्यावर नव्या सरकारने ही दुरुस्ती मागे घेण्याचा निर्णय केला. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात शोध समितीवर कुलपती, आयोग आणि विद्यापीठ यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी सुचविण्यात आला. राज्य शासनाचा प्रतिनिधी नव्हता. उद्योग व लोकप्रशासनातील व्यक्तींनाही कुलगुरूपदाचे दार खुले करण्याचा प्रस्ताव होता. बिगर-भाजपशासित राज्यांनी त्याला विरोध केला.

या सर्व वादांत राज्यपाल, राज्य शासन आणि केंद्रीय आयोग अशा तीन सत्ताकेंद्रांची रस्सीखेच दिसते. कुलगुरू कसा असावा याविषयी विद्यापीठातील प्राध्यापकवर्गाला काय वाटते, ही बाजू २०१६ च्या कायद्यात व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद यांनी मिळून सुचवावयाच्या एका सदस्यापुरती होती.

मतदारच उरला नाही तर?

प्राधिकरणांची रचना कितीही आदर्श केली तरी तिच्यात बसण्यासाठी पूर्णवेळ, मान्यताप्राप्त प्राध्यापक हवेत. येथे प्रश्न अधिक बिकट होतो. शासनाने ३ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाने अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांच्या रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० पदे भरण्यास परवानगी दिली. याचाच अर्थ रिक्त पदे नऊ हजारांच्या घरात होती. त्यांपैकी १,४९२ पदे भरून होतात तोच करोनाची साथ आली आणि ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नवी भरती थांबली. उरलेल्या २,०८८ पदांना नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. मधल्या काळात निवृत्त होणाऱ्यांची संख्या वाढतच होती.

रिकाम्या जागांवरचे वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापक चालवितात. त्यांपैकी अनेकजण नेट-सेट उत्तीर्ण आहेत, काहींनी पीएच.डी. मिळविली आहे. मात्र घेतलेल्या तासांपुरतेच मानधन, सुटीच्या महिन्यांत उत्पन्न नाही आणि पुढच्या वर्षी बोलावणे येईलच याची शाश्वती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. प्रत्यक्षात एखाद्या विषयाचा सगळा विभागच तासिका तत्त्वावर चालल्याची उदाहरणे राज्यात आहेत.

कारभाराच्या दृष्टीने याचा परिणाम थेट आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापक अधिसभेच्या प्राध्यापक मतदारसंघात मतदार नसतो. तो अभ्यास मंडळावर जाऊ शकत नाही. वर्गाचा भार त्याच्यावर, पण त्या वर्गात काय शिकवायचे याविषयी त्याला अधिकृत आवाज नाही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम लागू झाले, श्रेयांकांची नवी मांडणी आली आणि अनेक विषयांच्या कार्यभाराची गणिते बदलली. ज्या विभागात एकच पूर्णवेळ प्राध्यापक आहे, तेथे या बदलाचा अभ्यास करून अभ्यास मंडळाला कळविणार कोण?

प्राध्यापकांचीही जबाबदारी

आवाज मागणाऱ्यांनी तो कसा वापरला, हेही तपासले पाहिजे. ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, म्हणजे 'एमफुक्टो'ने, परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या नेट-सेट नसलेल्या अध्यापकांचा प्रश्न या प्रमुख मागण्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर आंदोलन मिटले. शासनाने या काळातील ७१ दिवसांचे वेतन रोखले आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षे चालला.

मागण्या रास्त असतील, शासनाने वेळेवर तोडगा काढायला हवा होता हेही मान्य. परंतु राज्यभरातील विद्यार्थ्यांच्या मनात त्या वर्षी जी धास्ती बसली, तिची आठवण पालकवर्गाने ठेवली आहे. अधिसभेत वेतन आणि बढती यांविषयी जितक्या तळमळीने बोलले जाते, तितक्या तळमळीने ग्रामीण महाविद्यालयांतील ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि निकालातील चुका यांविषयी बोलले गेले तरच प्राध्यापकांच्या प्रतिनिधित्वामागे समाज उभा राहील.

जगाचा दाखला

अध्यापकांना कारभारात वाटा असावा, ही कल्पना आपल्याकडची खास नाही. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने नोव्हेंबर १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी एक शिफारस स्वीकारली. संस्थेतील शैक्षणिक मंडळांवरील बहुसंख्य प्रतिनिधी अध्यापकांनी निवडावेत, असे तीत म्हटले आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये प्राध्यापक, विद्यापीठप्रमुख आणि विश्वस्त मंडळे यांच्या संघटनांनी मिळून एक निवेदन तयार केले. अभ्यासक्रम, अध्यापनाची पद्धत, संशोधन आणि अध्यापकांच्या नेमणुका या बाबतीत प्राथमिक जबाबदारी अध्यापकांची, असा त्याचा गाभा आहे. पैसा आणि मालमत्ता विश्वस्तांनी सांभाळावी, विद्येचे निर्णय विद्या देणाऱ्यांनी घ्यावेत, ही ती वाटणी होय. आपल्या कायद्यातील व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद ही जोडी याच विचारावर उभी आहे.

गावाच्या जवळची पायरी

कलिना दूर आहे. पण कायद्याने एक पायरी प्रत्येक महाविद्यालयात ठेवली आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९७ नुसार प्रत्येक महाविद्यालयात 'महाविद्यालय विकास समिती' असणे बंधनकारक आहे. संस्थेचे अध्यक्ष तिचे प्रमुख आणि प्राचार्य सदस्य-सचिव असतात. पूर्णवेळ अध्यापकांनी आपल्यातून निवडलेले तीन प्रतिनिधी असावेत आणि त्यांत किमान एक महिला असावी, असे कायदा सांगतो. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी आणि शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक सदस्य असतात. या चौघांत किमान एक माजी विद्यार्थी हवा. समितीने वर्षातून किमान चार बैठका घ्यावयाच्या असतात. महाविद्यालयाचा अर्थसंकल्प, नवे अभ्यासक्रम, शिक्षकांच्या रिक्त जागा, वसतिगृह, शिस्त आणि विकासाचा आराखडा हे तिचे विषय आहेत.

भिवंडीसारख्या शहरात या समितीला विशेष अर्थ आहे. यंत्रमाग, गोदामे आणि मालवाहतूक यांवर उभ्या असलेल्या या परिसरात कोणते अभ्यासक्रम हवेत, रात्रपाळी करून शिकणाऱ्या मुलासाठी तासिकांची वेळ कोणती असावी, राहनाळ-पूर्ण्याहून येणाऱ्या मुलींना संध्याकाळची परीक्षा सोयीची आहे काय, हे कलिन्यात बसून कळणारे नाही. ते येथील अध्यापकाला माहीत असते. मात्र ज्या महाविद्यालयात पूर्णवेळ अध्यापकच मोजके, तेथे निवडणूक कोणाची आणि निवडणारे कोण, हा प्रश्न इथेही उरतोच.

काय करता येईल?

यावरील उपाय नव्याने शोधावे लागतील असे नाही. मुदत संपण्यापूर्वी प्राधिकरणांच्या निवडणुका घेण्याचे बंधन काटेकोर केले आणि त्यांना स्थगिती देण्याचे मार्ग अरुंद केले, तर २०१५ ते २०१८ किंवा २०२२ ते २०२४ सारखी पोकळी राहणार नाही. कुलगुरूंनी तातडीच्या अधिकारात घेतलेल्या निर्णयांची यादी अधिसभेच्या प्रत्येक बैठकीपुढे कारणांसह ठेवली आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध केली, तर अपवाद अपवादच राहील. परीक्षा पद्धतीतील मोठा बदल आधी एका विद्याशाखेत, एका सत्रापुरता करून पाहण्याची शिस्त २०१७ ने पुरेशी शिकविली आहे. रिक्त पदे दरवर्षी ठरावीक वेळापत्रकाने भरणे आणि सलग काही वर्षे शिकविणाऱ्या तासिका अध्यापकाला किमान अभ्यास मंडळाच्या पातळीवर मत मांडण्याची संधी देणे, हे निर्णय शासनाच्या अखत्यारीत आहेत.

पदवीधर नागरिकालाही काही करता येण्याजोगे आहे. अधिसभेच्या निवडणुकीपूर्वी पदवीधर म्हणून नाव नोंदविता येते. आपल्या गावच्या मुलांच्या महाविद्यालयात विकास समिती स्थापन झाली आहे काय, तिच्या चार बैठका झाल्या काय आणि त्यांत अध्यापकांचे तीन निर्वाचित प्रतिनिधी होते काय, हे प्राचार्यांना विचारता येते. हे प्रश्न विचारायला पदवीची गरज नाही. राहनाळच्या कोणत्याही पालकाला ते विचारता येतात.